फट कुठे उघडते, ते आधी बघा

पत्र थोडक्यात असं आहे. नागपूरच्या एक वाचक, वय ४१, दोन वर्षांपासून घराच्या पोर्चमध्ये सागवानी फोटोफ्रेम बनवून विकतात. सेकंडहँड घेतलेली १० इंची टेबल सॉ (टेबलातून ब्लेड वर येणारी करवत), तिच्यासोबत आलेलं मायटर गेज (पट्टी ठरावीक कोनात धरून ब्लेडकडे सरकवायचं साधन) आणि आठवड्यातून दोन दिवस मदतीला येणारे, वडिलांच्या ओळखीतले सत्तरीचे मिस्त्रीकाका, एवढा त्यांचा पसारा. पट्ट्या ४० मिलिमीटर रुंदीच्या. गेज ४५ वर लावून कापलं तरी फ्रेम मिटत नाही. तीन कोपरे बसतात, चौथ्याला बाहेरच्या टोकाशी चार मिलिमीटर फट राहते, आणि हे प्रत्येक फ्रेमला होतं. शिवाय मागच्या ऑगस्टमध्ये दिलेल्या बारा फ्रेमपैकी दोन या मे महिन्यात परत आल्या. त्यांचे कोपरे आतल्या बाजूनं उघडले आहेत. मिस्त्रीकाका म्हणतात, “भुसा अन् फेविकॉल भरा, वरून पॉलिश मारा, कोणाले दिसते?” यजमान म्हणतात, पाऊण लाखाची नवी मशीन घेऊन टाक. वाचक विचारतात, “मशीन बदलू, की पट्ट्या बाजारातून कापून आणू, की हे काम माझ्या हातचं नाहीच असं समजून थांबू?”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मशीन बदलायची की नाही, हा तुमचा प्रश्न. पण त्याचं उत्तर द्यायला लागणारी माहिती तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, आणि ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. फट बाहेरच्या टोकाला आहे, असं तुम्ही लिहिलंत. ती चार मिलिमीटरची आहे आणि दर वेळी तेवढीच असते, असंही लिहिलंत. परत आलेल्या फ्रेमची फट मात्र आतल्या बाजूला आहे, हेही सांगितलंत. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत “जोड बसत नाही, काय करू” एवढंच असतं. जोड कुठे बसत नाही, हे कोणी लिहीत नाही. तुम्ही ते पाहिलंत. हे काम तुमच्या हातचं आहे की नाही, या शंकेचं उत्तर माझ्या लेखी तिथेच मिळालं.

आता ती फट वाचू. गेजवर ४५ लावलं, पण पट्टी प्रत्यक्षात ४४.५ अंशांत कापली गेली असं धरा. मग पट्टीचं टोक ९० वजा ४४.५, म्हणजे ४५.५ अंशांचं उरतं. अशी दोन टोकं जुळवली की ९१ अंशांचा कोपरा होतो. आपल्याला हवा ९०. तो जबरदस्तीनं ९० वर आणला की आतले कोपरे आधी एकमेकांना टेकतात आणि बाहेरची टोकं उघडी राहतात. काप ४५ पेक्षा जास्त झाला, तर याच्या उलट घडतं: टोकं टेकतात, आत फट दिसते. म्हणजे बाहेर फट असेल तर काप कमी पडला, आत असेल तर जास्त झाला. हे एवढं एक वाक्य पोर्चच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंत तरी चालेल.

आता तुमचे चार मिलिमीटर बघा. फ्रेमला चार कोपरे, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप अर्ध्या अंशानं कमी असेल आणि तुम्ही पहिले तीन कोपरे घट्ट दाबून बसवलेत, तर सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात येऊन साचते. आठ अर्धे म्हणजे चार अंश. ४० मिलिमीटर पट्टीचा तिरका काप साधारण साडेछप्पन्न मिलिमीटर लांब असतो, आणि तेवढ्या लांबीवर चार अंश म्हणजे जवळजवळ चार मिलिमीटर. अगदी तुम्ही मोजलेत तेवढेच.

म्हणजे तुमची मशीन दर वेळी, प्रत्येक कापाला, ठरावीक अर्धा अंश कमी कापते. यावरून ती खराब आहे असं तुम्ही आणि यजमानांनी ठरवलंत. माझं मत उलट आहे. ढिली, झिजलेली मशीन एकदा दोन मिलिमीटर चुकेल, एकदा पाच, कधी आत, कधी बाहेर. तिच्यावर पाऊण लाख खर्च करण्याची गोष्ट बोलता येईल. तुमची मशीन दर वेळी तीच चूक करते. गेजवरची ४५ ची खूण फक्त खोटी आहे. आणि ते स्वाभाविक आहे. गेजच्या अर्धगोलाची त्रिज्या साठ मिलिमीटर धरली, तर अर्धा अंश म्हणजे तिथे जेमतेम अर्धा मिलिमीटर. कोरलेल्या रेघेची आणि काट्याची जाडी मिळून तेवढी होते. त्या रेघेवर डोळ्यानं काटा लावून आपण अंशाच्या दहाव्या भागाची अपेक्षा करतो. पाऊण लाखाच्या मशीनसोबतही बहुतेक असंच कोरीव रेघांचं गेज येतं.

तरी लगेच गेजचा स्क्रू फिरवू नका. सुरुवात तुमच्या गुण्यापासून, म्हणजे काटकोन तपासायच्या साधनापासून करा, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्याच्यावर उभी आहे. प्लायवूडच्या सरळ कडेला गुण्या टेकवा आणि टोकदार पेन्सिलीनं एक रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. माझ्या कारखान्याच्या पहिल्या वर्षी मी एक अख्खा पावसाळा मशीनला दोष देण्यात घालवला. बोल्ट खोलले, ब्लेड बदललं, मेकॅनिक बोलावला. दोष गुण्यात होता. तो कधीतरी ओट्यावरून फरशीवर पडला होता, आणि कोणाला पडताना दिसला नव्हता. त्या चार महिन्यांत वाया गेलेलं लाकूड मला अजून आठवतं, म्हणून ही तपासणी कोणालाही वगळू देत नाही.

गुण्या खरा निघाला की मशीनचा प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर हवा. ब्लेड पूर्ण वर घ्या आणि एका दातावर मार्करनं खूण करा. टेबलावर गेजची पट्टी ज्या खाचेत सरकते, त्या खाचेपासून या दातापर्यंतचं अंतर पुढच्या बाजूला मोजा. मग ब्लेड हातानं फिरवून तोच दात मागे न्या आणि तिथे पुन्हा मोजा. दोन्ही वेळा तोच दात घ्यायचा, नाहीतर ब्लेडचा स्वतःचा हेलकावा मोजण्यात मिसळतो. डायल गेज असेल तर उत्तम. नसेल तर कॉम्बिनेशन गुण्याची पट्टी दाताला अलगद टेकेल इतकी बाहेर काढून घट्ट करा आणि मागे नेऊन पाहा, तशीच घासते की मध्ये फट राहते. ०.१ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर पोर्टेबल मशीनमध्ये टेबलाखालचे ब्लेड धरणारे बोल्ट थोडे ढिले करून ते सरळ करावं लागतं. हे मिस्त्रीकाका आणि तुम्ही दोघांनी मिळून करा, एकट्यानं करायचं काम नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. ब्लेड खाचेला समांतर नसेल तर कोन चुकतो, असं बरेच जण सांगतात. ब्लेड उभं असताना कोन मुख्यतः पट्टी कोणत्या दिशेनं सरकते त्यावर ठरतो, म्हणजे खाचेवर आणि गेजवर. ब्लेड वाकडं असेल तर मागचे दात कापलेल्या भागाला पुन्हा घासतात. काप जळका आणि खरखरीत येतो आणि पट्टीला बाजूला ढकललं जातं. त्या ढकलण्यानं कोन बिघडतो. तुम्ही जळकट खुणांबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मला वाटतं तुमचं ब्लेड बरंच सरळ असावं. पण एकदा मोजून खात्री करा.

मग ब्लेड टेबलाला खरंच काटकोनात उभं आहे का ते पाहा. गुण्या ब्लेडच्या सपाट भागाला टेकवायचा, दातांना नाही, कारण दात पात्यापेक्षा जाड असतात. ब्लेड किंचित कललेलं असेल तर जोड समोरून मिटलेला दिसतो आणि मागून उघडा असतो, किंवा उलट. ही तिसऱ्या प्रकारची फट. गेज कितीही फिरवलं तरी ती जात नाही.

यानंतर गेजच्या खालची लोखंडी पट्टी. ती खाचेत घालून डावी-उजवी हलवून बघा. खडखडत असेल तर जाताना एका बाजूला आणि येताना दुसऱ्या बाजूला झुकते. तीनशे मिलिमीटरच्या पट्टीत अर्धा मिलिमीटर ढिलाई म्हणजे अंशाचा दहावा भाग गेला, आणि तो आठ वेळा जातो. पट्टीच्या कडेवर सेंटरपंचानं थोड्या थोड्या अंतरावर ठोके मारले की कडा जराशी फुगते आणि पट्टी घट्ट बसते. जास्त घट्ट झाली तर कानसीनं घासा. हे काम मिस्त्रीकाका दहा मिनिटांत करतील.

आता गेज. त्याचा तोंडाचा भाग तुमच्या फोटोत दिसतो तसा हातभरसुद्धा नाही. फ्रेमची पट्टी त्याच्यापुढे लांब लोंबकळते आणि ४५ वर कापताना ब्लेड तिला कडेनं ओढतं. तुम्ही कितीही घट्ट धरलीत तरी केसभर सरकतेच. गेजला चारशे-पाचशे मिलिमीटर लांब, सरळ, चांगल्या लाकडाची पट्टी स्क्रूनं लावा आणि तिच्या तोंडावर १२० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा. याचे दोन फायदे. पट्टी घसरत नाही, हा एक. दुसरा मला त्याहून मोठा वाटतो: गेजवर अर्धा मिलिमीटर दिसणारा अर्धा अंश चारशे मिलिमीटरच्या टोकाशी साडेतीन मिलिमीटर होतो. आता तो डोळ्याला दिसतो आणि हातानं सुधारता येतो. शाळेच्या कंपासपेटीतला नाही, स्टेशनरीच्या दुकानात ड्रॉइंगचा मोठा ४५ चा सेटस्क्वेअर मिळतो, तो आणा. एक कड ब्लेडच्या सपाट भागाला, तिरकी कड या लांब पट्टीला लावून गेज बसवा. रेघ काय सांगते ते पाहूच नका.

हे झालं की सागवानाला हात न लावता प्लाय किंवा एमडीएफच्या ४० मिलिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या कापा, सगळ्या एका लांबीच्या, दोनशे मिलिमीटर पुरे. चिकटपट्टीनं तीन कोपरे जुळवा आणि चौथा बघा. एवढ्या रुंदीत शेवटच्या कोपऱ्यात एक मिलिमीटर फट म्हणजे प्रत्येक काप अंशाच्या आठव्या भागानं चुकला. चूक आठ पटीनं मोठी होऊन समोर येते, म्हणून ही परीक्षा कुठल्याही डिजिटल कोनमापकापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. फट बाहेर आली तर गेज केसभर जास्त फिरवा, आत आली तर कमी. अगदी शेवटी स्क्रू फिरवून जमेना, तर गेज आणि लाकडी पट्टी यांच्यामध्ये एका टोकाला साध्या कागदाची घडी सरकवा. शेवटची फट पाव मिलिमीटरच्या आत आली की थांबा. मग त्या गेजला ९० वर आणू नका. ४५ साठी ते तसंच बाजूला ठेवा आणि सरळ कापांसाठी दुसरी सोय करा.

दोन गोष्टी कोनाबाहेरच्या, पण फट त्यांच्यामुळेही दिसते. समोरासमोरच्या पट्ट्या नेमक्या एका लांबीच्या हव्यात. मोजपट्टीनं मोजून, खूण करून कापल्या तर त्या सारख्या येत नाहीत. गेजच्या लांब पट्टीवर ठोकळा क्लॅम्प करा आणि दोन्ही पट्ट्या त्याला टेकवून कापा. कापल्यावर पाठीला पाठ लावून टोकांवरून नख फिरवा. नखाला पायरी लागली तर लांबी वेगळी आहे. आणि पट्टीच्या दोन्ही कडा सरळ व समांतर हव्यात. धनुष्यासारखी वाकलेली पट्टी गेजला मध्येच टेकते किंवा दोन टोकांना टेकते, आणि मग कोन कशापासून मोजला गेला तेच कळत नाही. लकडगंजमध्ये आरा मशीनवरून पट्ट्या फाडून आणत असाल तर तिथेच कडेवर रंधा मारून घ्या, किंवा घरी आणून काकांच्या रंध्यानं सरळ करा. ब्लेडबद्दल थोडकंच: फाडायचं २४ दाती ब्लेड या कामाला नको, ६० ते ८० दातांचं लावा, आणि सागाचा चिकट काळा थर चढला की साफ करा. अर्धा मिलिमीटर छिलका काढायला गेलात तर पातळ ब्लेड बाजूला वाकतं. तेवढं कमी करायचं असेल तर रंध्यानं करा.

दर महिन्याला दहा-पंधरा फ्रेमची मागणी असेल तर गेज सोडून स्लेड, म्हणजे टेबलावर सरकणारी पाटी बनवा, असा माझा आग्रह आहे. बारा मिलिमीटर प्लायची पाटी, खाली दोन खाचांत सरकणाऱ्या दोन पट्ट्या, आणि वर बाणाच्या टोकासारखे दोन ठोकळे, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. फ्रेमच्या प्रत्येक पट्टीचं एक टोक डाव्या बाजूनं कापायचं, दुसरं उजव्या. यातली खुबी अशी की ठोकळे प्रत्येकी नेमके ४५ असण्यापेक्षा त्या दोघांमध्ये नेमका ९० चा कोन असणं महत्त्वाचं. ९० तपासायला गुण्या आहे, ४५ तपासायला तितकं चांगलं साधन घरात नसतं. डावा ४४.९ कापत असेल आणि उजवा ४५.१, तर जोड तरीही मिटतो. आतल्या कोपऱ्यावर पाव मिलिमीटरही पायरी येत नाही, आणि आली तर पॉलिशपेपरनं जाते. काचेसाठी मागे खाच असलेल्या नक्षीदार पट्ट्या उलट्या करून कापताच येत नाहीत, त्यांना तर स्लेडचाच मोठा आधार होतो.

आता परत आलेल्या दोन फ्रेम. त्यांचा मशीनशी संबंध नाही, म्हणून हे वेगळं लिहितो. तुम्ही त्या ऑगस्टमध्ये बनवल्यात. नागपूरचा ऑगस्ट ओला असतो. पोर्चमधल्या लाकडानं हवेतली ओल घेतलेली होती. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, हवा अगदी कोरडी होते, आणि लाकूड ती ओल सोडून देतं. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे पट्टी अरुंद झाली पण लांबी तेवढीच राहिली, आणि टोकाचा कोन बदलला. ४० मिलिमीटरची पट्टी ०.७ मिलिमीटरनं आकसली तर टोक ४५ चं साडेचव्वेचाळीस होतं. दोन टोकं मिळून एक अंश, म्हणजे आतल्या बाजूला साधारण एक मिलिमीटर फट. काप कितीही बिनचूक असता तरी ती आली असती. मे महिन्यात बनवून पावसाळ्यात भिंतीवर गेलेली फ्रेम याच्या उलट, बाहेरच्या टोकाला उघडते.

आपल्याकडे यात कूलरची भर पडते. लाकूड हॉलमध्ये कूलरच्या ओल्या वाऱ्यात ठेवायचं आणि पोर्चमध्ये टिनाखाली कापायचं, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. रात्रभर ओल घेतलेली पट्टी दुपारी टिनाखाली दोन तासांत वेगळीच वागते. लाकूड जिथे कापायचं तिथेच तीन-चार आठवडे ठेवा, थरांमध्ये बारीक पट्ट्या घालून, म्हणजे हवा चारही बाजूंनी फिरेल. कूलरच्या झोतापासून लांब. विकत घेताना टोकाकडून बघा. रेषा पट्टीच्या रुंद बाजूला उभ्या असतील तर ती पट्टी आडव्या रेषांच्या पट्टीपेक्षा रुंदीत साधारण निम्मी हलते. ४० ऐवजी ३० मिलिमीटरची पट्टी चालत असेल तर फटही त्या प्रमाणात कमी. पॉलिश मागच्या बाजूलाही मारा. पुढे पॉलिश आणि मागे कोरं लाकूड असलं की ओल मागून आतबाहेर करत राहते. आणि प्रत्येक कोपऱ्यात आडवी खाच कापून त्यात सागाचीच पातळ चकती चिकटवा. कापलेल्या टोकावरचा गोंद लाकूड पिऊन टाकतं आणि जोड गोंदाच्या भरवशावर कच्चाच राहतो. टोकांवर आधी गोंदाचा पातळ हात फिरवून पाच मिनिटं थांबायचं, मग नेहमीसारखा गोंद लावून जोडायचं. मे महिन्यात थांबण्याची मुदत अजून कमी करा, फेविकॉल इथे फार लवकर धरतो.

बाजारातून कापून आणण्याबद्दल. काही फ्रेमवाल्यांकडे पायानं दाबायचं दोन पात्यांचं कटर असतं, एका दाबात दोन्ही बाजूंचे काप येतात, आणि बारीक तयार मोल्डिंगसाठी ते उत्तम आहे. पन्नास फ्रेमची एकगठ्ठा मागणी आली आणि गिऱ्हाइकाला साधी मोल्डिंग चालणार असेल तर जरूर तिथून आणा, त्यात कमीपणा नाही. पण चाळीस मिलिमीटरचं सागवान तुमचं नाव घेऊन विकता, तिथे काप तुमच्या हातात असावा असं मला वाटतं. ऑगस्ट आणि मेचा हिशेब ते कटर ठेवत नाही.

नव्या मशीनसाठी मी एकच कारण मान्य करीन. तुमच्या मशीनला ब्लेडच्या मागे उभं पातं, म्हणजे रायविंग नाइफ, आणि वरचं झाकण आहे का? सेकंडहँड मशीनची ही दोन्ही बऱ्याचदा आधीच्या मालकानं काढून टाकलेली असतात. नसतील आणि त्या मॉडेलची मिळत नसतील, तर पैसे त्यासाठी खर्च करा, आणि यजमानांना माझा होकार सांगा. कापताना फेन्सला (ब्लेडशेजारच्या सरळ आडकाठीला) पट्टीचं टोक टेकवून गेजनं ढकलू नका. कापलेला तुकडा फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये अडकतो आणि तोंडावर येतो. टेकवायचंच तर ठोकळा फेन्सच्या पुढच्या भागाला लावा, काप सुरू होण्याआधीच पट्टी त्याच्यापासून सुटली पाहिजे. हात ब्लेडपासून वीतभर लांब. हातमोजे नकोत, बांगड्या नकोत, ओढणी घरात ठेवून या, केस बांधा. एमडीएफ कापताना मास्क हवाच.

राहिले मिस्त्रीकाका. तुमच्या पत्रात त्यांच्यावर थोडा राग आहे, म्हणजे ते तुम्हाला फसवाफसवी शिकवत आहेत असा. ते तसं पाहत नसतील. त्यांच्या पिढीच्या मिस्त्रींनी ऑइलपेंट मारायच्या दारं-खिडक्यांची चौकट आयुष्यभर जोडली. तिथे लांबी (पुट्टी) भरणं हा कामाचा भागच होता आणि त्यात काही खोटं नव्हतं. रंगवायची फ्रेम असेल तर आजही भरा, मी भरतो. पण पॉलिश केलेल्या सागवानात भरलेली रेघ वर्षभरात गडद होऊन वेगळी दिसते, आणि सागवानाचा भाव घेतलेला असतो. तिथे नको.

त्यांना “तुमचं चुकतं” असं म्हणू नका. त्यांचा रंधा मागा. एका पाटीवर ४५ चा ठोकळा बसवून, पट्टी त्याला टेकवून, रंधा आडवा पाडून टोकावरून सरकवायचा. एका ओढीत कागदाइतका पातळ छिलका निघतो. मशीननं अंशाच्या आठव्या भागापर्यंत आणावं आणि शेवटचा केस काकांनी काढावा. गेजमध्ये कागद सरकवत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं, आणि ही पाटी बनवायला सत्तर वर्षांचा तो हात तुमच्या पोर्चमध्ये आठवड्यातून दोनदा येतोच आहे. पात्याला धार लावायलाही त्यांच्याकडूनच शिका. मी पुस्तकं वाचून शिकलो आणि मला फार वर्षं लागली.

परत आलेल्या दोन फ्रेम आत्ता दुरुस्त करू नका. आज मे महिन्यात काप जुळवून दिलात तर पावसाळ्यात त्या बाहेरून उघडतील. गिऱ्हाइकाला खरं कारण सांगा, सोप्या शब्दांत, आणि चकत्या घातलेल्या दोन नव्या फ्रेम द्या. जुन्या दोन पोर्चमध्ये टांगा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं आजची तारीख लिहा आणि प्रत्येक कोपऱ्यात कागदाचे किती पदर जातात ते लिहा. मग दर पंधरा दिवसांनी तेच, जुलैअखेरपर्यंत. आकडे मला पाठवा. चारही कोपरे आपोआप मिटत आले, तर दोष लाकडात होता. एखादा तसाच उघडा राहिला, तर त्या कोपऱ्याचे दोन काप आपण पुन्हा बघू.